पाळण्याचा रंग

अल्लाबक्ष मिस्त्री गेले, त्यांचा चाळिसावा उरकला आणि त्यांच्या दोघा मुलांनी पोटमाळा रिकामा करायला घेतला. आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. गंजपेठेतल्या त्या दोन खोल्यांत आता नव्या जिवाची भर पडणार होती. धाकट्या अय्युबच्या बायकोला, रशीदाला, दिवस गेले होते. माळ्यावरून मोडक्या करवती निघाल्या, गंजलेल्या पटाशा निघाल्या, अब्बांच्या पहिल्या लेथचा पट्टा निघाला, आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीकडे सारलेला, गोणपाटात शिवून ठेवलेला पाळणा.

थोरल्या शमशुद्दीनने गोणपाट उसवलं तेव्हा त्याची बायको सकीना पलीकडे स्टोव्हपाशी भाकरी थापत होती. न बघताच तिला कळलं. पाळण्याच्या पितळी कड्या एकमेकींवर घासल्या की एक विशिष्ट आवाज येई, तो ती विसरली नव्हती. ती भाकरी थापतच राहिली, पार फाटेपर्यंत.

पाळणा शिसवी होता. अल्लाबक्षांच्या आजोबांनी स्वतः केलेला. चार पायांवर उभा, चारी बाजूंनी लेथवर कातलेले गज, प्रत्येक गजाला मधोमध कळीसारखा फुगवटा. या घरातलं प्रत्येक मूल त्यात झोपलेलं. अल्लाबक्ष झोपले, शमशुद्दीन झोपला, अय्युब झोपला. सकीनाची दोन्ही त्यातच झोपली. मुलगी तर नाव ठेवायच्या आतच गेली. मुलगा बसायला लागला होता, त्याला तापाने नेलं. त्यानंतर अल्लाबक्षांनी कुणाला काही न विचारता पाळणा गोणपाटात शिवला आणि माळ्यावर सारला. सकीनाला पुन्हा मूल झालं नाही.

आता त्या पाळण्याची रया गेली होती. लाखेच्या पॉलिशचे पापुद्रे सुटले होते, एक गज मोडला होता, एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता.

शमशुद्दीनने अंगठा थुंकीने ओला करून कठड्यावर घासला. राखाडी थराखालून काळाभोर पट्टा उजळून आला. टिंबर मार्केटात अब्बांचं लेथचं दुकान आता तोच चालवत होता. लाकूड बघितलं की त्याचा चेहरा बदलायचा.

"लाकडाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "घासून घेतो, एक गज नवा काततो, वरून लाखेचं पॉलिश. रोज संध्याकाळी थोडा वेळ बसलो तरी बाळंतपणाच्या आत होऊन जाईल."

रशीदा उंबऱ्यात उभी होती. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ निवडताना तिने विषय काढला. "भाभी, राग मानू नका. पाळणा चांगलाच आहे. पण ते काळं लाकूड बघितलं की मला कसंतरीच होतं. मी यांना म्हटलं, रंगवून टाका. पिवळा, नाहीतर पोपटी. रंग बसला की नवाच वाटेल."

कोणाची आठवण पुसायची म्हणून नवा वाटायला हवा, हे सकीनाला कळलं. ती सुपातले खडे बाजूला काढत राहिली. तिला राग आला नाही. पहिल्या खेपेला तीही अशीच घाबरत होती, फक्त तेव्हा घाबरायला काही कारण नव्हतं.

संध्याकाळी अय्युबने तेच भावाच्या कानावर घातलं. तो आळंदी रस्त्यावर, विश्रांतवाडीच्या पुढे, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात रंगारी होता. "आमच्याकडचाच रंग आणतो, भाईजान. ट्रकला लावतात तो. उन्हापावसाला दाद देत नाही."

"बाळ काय नाशिकला माल घेऊन जाणार आहे?" शमशुद्दीन म्हणाला.

"भाईजान, तिच्या मनात आलंय. पहिलटकरीण आहे."

"शिसवावर ऑइल पेंट मारायचा. उद्या कड्यांना डांबर फास म्हणशील. अरे, एकदा तो रंग रेषांत शिरला की मूळ लाकूड परत दिसत नाही." मग तो थांबला. हे सगळं आपण कुणाच्या देखत बोलतोय ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने बायकोकडे मान वळवली. "तू सांग. तुझा त्याच्यावर सगळ्यांच्या आधी हक्क आहे."

तिघेही तिच्याकडे बघू लागले.

सकीनाला पॉलिशच हवं होतं. तिच्या पहिल्या खेपेला अब्बांनी ओसरीत बसून हा पाळणा उजळला होता. कापसाची पुरचुंडी लाखेत बुडवून ते गोल गोल हात फिरवत आणि ती शेजारी बसून त्यांना कापूस पिंजून देई. तिची दोन मुलं कुठे झोपली होती ते दाखवायला जगात एवढंच लाकूड उरलं होतं. पण तिने रशीदाचा चेहरा पाहिला आणि दुसराच विचार तिच्या मनात आला. पाळणा तसाच ठेवायला मी सांगितलं, आणि उद्या त्या बाळाला काही झालं, तर ही सगळी माणसं माझ्याकडे बघतील.

"रंगवा," ती म्हणाली. "पिवळा छान दिसेल."

शमशुद्दीन तिच्याकडे बघत राहिला. पुढे तो त्या विषयावर बोलला नाही. मोडलेल्या गजाच्या जागी त्याने नवा गज कातून बसवला आणि पाळणा भावाच्या हवाली केला.

रशीदा बाळंतपणाला आईकडे, विश्रांतवाडीला गेली. अय्युबने कारखान्यातून डबे आणले. आधी शेंदरी अस्तर दिलं, त्यावर पिवळ्याचे दोन हात. त्याचा हात सफाईदार होता, कुठे ओघळ नाही की ब्रशचा केस नाही. कळ्यांची नाजूक कड रंगाखाली बुजली, पण पाळणा उजेडासारखा पिवळाधमक दिसू लागला. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या आणि अय्युबचं कौतुक करून गेल्या.

मुलगा झाला. नाव मुनाफ ठेवलं. रशीदा त्याला घेऊन परत आली आणि घराचे दिवस बदलले.

रशीदा एका दुकानासाठी ब्लाउज शिवायची. सुरुवातीला ती मशीनवरून उठून उठून बघून जाई. जाऊबाईंच्या हातात मूल द्यायला तिचं मन कचरत होतं आणि सकीनालाही ते दिसत होतं. पण कामाचा रेटा वाढला आणि मुनाफ दिवसभर सकीनाच्याच अंगावर राहू लागला. ती त्याला तेल लावी, न्हाऊ घाली, धुरी देई. खांद्यावर त्याचं डोकं टेकलं की तिची मान दुखून आली तरी ती हलत नसे. शमशुद्दीन दुकानातून आला की आधी पाळण्यात डोकावे. त्या वर्षी सकीना पुष्कळ हसली, आणि हसताना दर वेळी तिला थोडी भीती वाटली.

मुनाफ धरून उभा राहायला लागला. हिरड्या शिवशिवायच्या, म्हणून तो पाळण्याचा कठडा चावत उभा राही. गजांवरच्या कळ्या तर त्याच्या तोंडाच्या बरोबर उंचीला होत्या. त्याच्या ओठांना पिवळे कण चिकटलेले असत. सकीना ते पदराने पुसून घेई आणि म्हणे, "अरे, पाळणा संपवशील तू एक दिवस."

रंग ठिकठिकाणी सुटू लागला होता. शमशुद्दीनने एकदा नखाने टवका काढून पाहिला. "जुनं पॉलिश न घासता वर रंग मारला. तो कशाला धरेल?" अय्युब ओशाळला, आणि पुढच्या रविवारी त्याने चावलेल्या जागांवर रंगाचा आणखी एक हात दिला.

पहिला वाढदिवस जवळ आला तसा मुनाफ मलूल होऊ लागला. आधी खाणं सुटलं. मग पोट धरून रडायचा, पाय पोटाशी घ्यायचा. परसाकडे होत नसे. चेहरा मेणासारखा पांढरा पडला. पेठेतल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं. उभा राहणारा मुलगा बसूनच राहायला लागला. दोन-तीन शब्द बोलायचा, तेही गेले.

रशीदाची आई नसीमबानू मुक्कामाला आली. बाई मोठ्या आवाजाची, पण वाईट नव्हती. तिने मुलाच्या गळ्यात तावीज बांधला, मिरच्या ओवाळल्या आणि दुपारी, सकीना बाहेर धुणं वाळत घालत असताना, लेकीला म्हणाली, "ज्या पाळण्यात दोन गेली त्यात तुझं निजवलंस. वर जिची गेली तिच्याच मांडीवर दिवसभर. तिला काही करायचं नसेल गं. पण नजर काय विचारून लागते?"

दोरी खिडकीला लागूनच होती. सकीनाने ओली चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी तिने मुनाफला उचलायला हात पुढे केले तर रशीदा म्हणाली, "आज राहू द्या भाभी. मी बघते." पाळणा तिने मशीनशेजारी ओढून घेतला. त्यानंतर रोजच ती बघू लागली. पाळणा टाकून द्यायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. रंगवलेला होता, आता तो वेगळा पाळणा होता. मूल त्यातच पडून असे आणि तोंडाला येईल ते चोखत असे.

सकीना स्वयंपाक करी, पाणी भरी. शमशुद्दीनने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्याच्या आईने बघितलेलं बरं." सगळ्यात वाईट हे झालं, की हळूहळू तिलाही ते खरं वाटायला लागलं. पाळण्याजवळून जाताना ती खाली बघून जाऊ लागली. चुकून मुनाफकडे लक्ष गेलंच तर मनातल्या मनात माफी मागे.

एका दुपारी रशीदाने हाक मारली. "भाभी." आवाजात काहीतरी होतं. सकीना पिठाच्या हातांनीच धावली. मुनाफचे डोळे वर गेले होते, हातपाय ताठ होऊन झटके देत होते, तोंडातून फेस येत होता. नसीमबानू अंगारा आणायला निघाली होती. सकीनाने मूल उचललं, नजरेबिजरेचं सगळं विसरून छातीशी धरलं, आणि अनवाणी रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली.

सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात सुनीती नावाच्या डॉक्टर होत्या. वयाने लहान, बोलणं तुटक. झटके थांबवायचं इंजेक्शन देऊन झाल्यावर त्यांनी मुनाफचा ओठ उलटा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. दातांलगत हिरडीवर बारीक निळसर काळी रेघ होती.

"हा तोंडात काय घालतो?" त्यांनी विचारलं.

रशीदा रडत होती, तिला बोलता येईना. "पाळण्याचे गज चावतो," सकीना म्हणाली.

"पाळण्याला रंग आहे?"

"आहे. पिवळा."

"कसला?"

"ट्रकला लावतात तो. माझा दीर कारखान्यातून आणतो."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "त्या रंगाचा एक टवका आणा. आणि पाळणा खरवडू नका, जाळू नका. धूर आणि धूळ जास्त वाईट. दीर कामाच्या कपड्यांत घरी येतात का?"

"येतो."

"मुलाला घेतात?"

सकीनाने होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर घाईत होत्या, दुसरं मूल गंभीर होतं. कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "शंका होती तेच आहे. रक्तात शिसं आहे, आणि पुष्कळ आहे. त्यावरची इंजेक्शनं मुंबईहून मागवतोय."

रशीदाने एवढंच ऐकलं आणि ती व्हरांड्यात धावली. तिथे अय्युब आणि नसीमबानू बाकावर बसले होते, शमशुद्दीन कठड्याला टेकून उभा होता. सकीना मागोमाग बाहेर आली तेव्हा रशीदा सांगत होती, "शिसव आहे म्हणतात. बाळाच्या रक्तात शिसव उतरलंय."

"मी वेगळं काय म्हणत होते?" नसीमबानू म्हणाली. "ते लाकूडच खाणारं आहे. अय्युब, आधी घरी जा आणि तो पाळणा जाळून टाक."

अय्युब उठला. सगळ्यांनी सकीनाकडे बघायचं टाळलं, आणि ते टाळणं तिला पाठीत धपाटा बसावा तसं लागलं. शमशुद्दीनच्या कपाळावर आठी पडली होती. लाकूड रक्तात कसं उतरेल ते त्याला उमजत नव्हतं.

सकीनाने डॉक्टरांचा शब्द नीट ऐकला होता, आणि काल त्यांनी रंगाचा टवका कशासाठी मागितला तेही तिच्या ध्यानात आलं होतं. गप्प राहणं सोपं होतं. गप्प राहिलं तर दोष लाकडाला गेला असता आणि तिला गेला असता, आणि त्याची तिला आता सवय झाली होती. बोललं तर तो अय्युबकडे जाणार होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो शाळेत जात होता, तिच्या हातचं खाऊन मोठा झाला होता. पण तो आता घरी जाऊन अंगणात तो पाळणा पेटवणार होता. संध्याकाळी त्याच कपड्यांत परत येऊन मुलाला कुशीत घेणार होता.

"अय्युब, थांब," ती म्हणाली. "शिसव नाही. शिसं. रंगात असतं ते."

"कुठल्या रंगात?"

"ट्रकच्या. पाळण्याच्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने आपले हात समोर धरले. नखांच्या कडांना, बोटांच्या पेरांत पिवळं बसलेलं होतं. साबणाने, रॉकेलने, कशानेच ते कधी पुरतं निघत नसे.

"मी दुसऱ्यांदा पण लावला," तो म्हणाला. "चावून निघाला होता म्हणून परत लावला."

हात अजून तसेच समोर होते.

"खाला," सकीना नसीमबानूला म्हणाली, "लाकडाने काही केलेलं नाही. आणि रंगवा असं मीच म्हणाले होते. यांनी मला विचारलं होतं, मी रंगवा म्हटलं."

रशीदा भिंतीला पाठ घासत खाली बसली. अय्युबने हात पाठीमागे नेले आणि तो वॉर्डच्या दारापर्यंत गेला, पण आत गेला नाही.

इंजेक्शनं आली. मांड्या सुजून दगडासारख्या होईपर्यंत टोचली. मुनाफ वाचला. घरी न्यायच्या दिवशी डॉक्टर सुनीतींनी रशीदाला आणि सकीनाला समोर बसवलं. रिपोर्टच्या दिवसासारखी घाई त्यांनी केली नाही. रक्तातलं शिसं उतरलंय, त्या म्हणाल्या, पण मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलंय. चालेल, उशिरा चालेल. बोलण्याचं सांगता येत नाही. शाळेची आशा धरू नका. रशीदाने विचारलं, मोठा झाल्यावर भरून येईल का. डॉक्टर नाही म्हणाल्या.

अय्युबने मालकाकडे दुसरं काम मागितलं. मालक म्हणाला, आम्ही जन्मभर रंगातच आहोत, आमची पोरं इंजिनियर झाली. मग तो तिथलं सोडून मार्केट यार्डात हमालीला लागला. तिथे रंग नव्हता, तरी तो आल्याआल्या अंगणातच आंघोळ करी, हात विटेने घासी, आणि एवढं करूनही मुलाला घेत नसे. मुनाफ त्याच्याकडे सरकत आला तर उठून बाहेर जाई. सकीनाने त्याला एकदा जेवताना समजावलं. त्याने ऐकून घेतलं, आणि पुढच्या खेपेला तसाच उठून गेला.

मूल दवाखान्यात असतानाच पाळणा गोणपाटात गुंडाळून दुकानाच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवला होता. शमशुद्दीनला तो खरवडून पुन्हा उजळता येईल असं वाटत होतं. पाण्याने भिजवून, धूळ उडू न देता. सकीनाला त्याने विचारलं नाही. एक दिवस त्याने तोंडाला फडकं बांधून एक गज भिजवून घासायला घेतला. पिवळा थर निघाला, शेंदरी निघाला, पण त्या शिसवाच्या बारीक रेषांत रंग भरून बसला होता. रेषा मोकळ्या करायच्या तर लाकूडच उतरवावं लागणार होतं, आणि मग कळीची कळी राहिली नसती. त्याने तो गज परत ठेवला. मग शहराबाहेर महानगरपालिकेने कचऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात, तिथल्या माणसाला सांगून, त्याने सगळाच पाळणा पुरला. घरी येऊन तो न जेवता झोपला. आपल्या कुळातलं एक काम होतं, ते आपल्या हाताने मातीत घातलं, एवढंच नंतर कधीतरी बायकोजवळ बोलला.

मुनाफ तीन वर्षांचा होऊन चालू लागला. उजवा हात दुबळा, तोंडातून लाळ, शब्द एकही नाही. रशीदा आता पूर्णवेळ शिवणाच्या कारखान्यात जात होती, कारण हमालीत भागत नव्हतं. सकाळी निघताना ती मुलाला सकीनाच्या पुढ्यात आणून बसवी. नसीमबानू आली की त्याच्यासाठी खजूर आणी आणि दारातूनच परत जाई.

एका शुक्रवारी रशीदा जरा लवकर परतली. सकीना मुनाफला भात भरवत होती. अर्धा घास आत जाई, अर्धा हनुवटीवरून खाली येई, तो बोटाने गोळा करून ती पुन्हा तोंडाशी नेई. रशीदा चपला न काढता तशीच बसली आणि बघत राहिली.

"भाभी, एक विचारू?" ती म्हणाली. "तेव्हा तुमच्या मनात पॉलिशच होतं ना?"

"हो."

"मग रंगवा का म्हणालात?"

सकीनाने पुढचा घास केला. खोटं बोलायचं तिच्या मनात येऊन गेलं. "भीती वाटली," ती म्हणाली. "काही झालं तर माझ्यावर येईल म्हणून."

रशीदाने पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. "तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी ऐकलं नसतं," ती म्हणाली. "मी यांच्याकडून गुपचूप रंगवूनच घेतला असता."

हे खरं होतं की आपल्याला बरं वाटावं म्हणून ती म्हणत होती, ते सकीनाला कळेना. विचारावंसं तिला वाटलं नाही. मुनाफने घास चावून गिळला, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडून तो दोघींकडे आळीपाळीने बघू लागला.

"आणा, मी भरवते," रशीदा म्हणाली, पण जागची उठली नाही. दिवसभर मशीन मारून तिचे पाय भरून आले होते. सकीनाने वाटीत आणखी थोडं वरण ओतलं आणि भात कालवला.